पुरे, आता काही आणू नका

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात एक दवंडी आहे. मोशेने ती इस्राएलांच्या छावणीभर पिटवली: पवित्रस्थानाच्या कामासाठी आता कुणी, पुरुषाने किंवा बाईने, काहीही आणू नये. त्याआधी कारागीर हातातलं काम टाकून त्याच्याकडे आले होते. लोक गरजेपेक्षा फार जास्त आणताहेत, रोज सकाळी आणताहेत, अशी त्यांची तक्रार होती. अर्पणाची थैली फिरतेय आणि फिरवणाराच हात आडवा करून ‘बस, पुरे’ म्हणतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणलं की ख्रिस्ती मंडळीत लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही हसू येईल. दानावरची पुष्कळ प्रवचनं मी ऐकली आहेत. त्यांत ही दवंडी कधी आली नाही. का आली नसेल, ते सांगायला नको.

लोक आणत काय होते? कुंडलं, अंगठ्या, सोन्याचे अलंकार, निळं, जांभळं आणि किरमिजी सूत, तलम सणाचं कापड, बकऱ्यांचे केस, लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी, बाभळीचं लाकूड. कालपरवापर्यंत विटा थापणाऱ्या आणि आता रानात भटकणाऱ्या या गुलामांकडे सोनं आलं कुठून? उत्तर त्याच पुस्तकात, बाराव्या अध्यायात आहे. मिसर सोडताना त्यांनी मिसऱ्यांकडे सोन्याचांदीचे दागिने मागितले आणि परमेश्वराने मिसऱ्यांची मनं वळवल्यामुळे ते मिळाले. पिढ्यान्‌पिढ्यांची थकलेली मजुरी म्हणा हवं तर. पण हातात पडली ती मागून, दुसऱ्याच्या कृपेने. मग बत्तिसाव्या अध्यायात याच लोकांनी कानांतली कुंडलं काढून अहरोनाकडे दिली आणि त्यांचं वासरू ओतलं गेलं. तेही अर्पणच होतं, तितक्याच उत्साहाने दिलेलं. मिसरातून आलेल्या सोन्याचं एकदा वासरू झालं आणि एकदा निवासमंडप, म्हणजे हेच पवित्रस्थान. म्हणून देण्याच्या नुसत्या उत्साहाचं मला फारसं कौतुक वाटत नाही. देणाऱ्याच्या मनात समोरच्याचा चेहरा कसा आहे, हे मला आधी पाहावंसं वाटतं.

त्या निवासमंडपाचा मुख्य कारागीर बसालेल, यहूदा वंशातल्या हूराचा नातू. मी याला नाव घेऊन बोलावलं आहे, देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलं आहे, असं परमेश्वर मोशेला सांगतो. कशासाठी, तर सोनं, चांदी, पितळ घडवायला, रत्नं कोंदणात बसवायला, लाकडावर कोरीव काम करायला. शास्ते, राजे, संदेष्टे यांच्यावर आत्मा उतरल्याचे प्रसंग शास्त्रात पुढे अनेक आहेत. त्या सगळ्यांच्या आधी येतो हा हातात अवजार धरलेला माणूस. त्याच्या जोडीला दान वंशातला अहलियाब आहे, आणि बकऱ्यांचे केस कातणाऱ्या बायका आहेत. बायकांची नावं लिहिलेली नाहीत, कसब मात्र आवर्जून नोंदवलं आहे.

बसालेलाबद्दल पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती सहज नजरेतून निसटते. दुसऱ्यांना शिकवावं, ही बुद्धीही परमेश्वराने त्याच्या मनात घातली. हातोटी असलेली माणसं पुष्कळदा ती मुठीत ठेवतात. घराण्याबाहेर जाऊ देत नाहीत, विचारलं तर अर्धंच सांगतात. बसालेलाला ती मुभाच नव्हती. त्याला देणगी मिळाली तीच मुळी पुढे देण्याच्या सोयीसकट.

कृपादान, म्हणजे देवाच्या आत्म्याने दिलेली देणगी, म्हटलं की मंडळीत लोकांना आठवतं ते प्रवचन, गाणं, संदेश देणं, रोग बरे करणं, अन्य भाषांत बोलणं. प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात एक यादी आहे. तिच्यात रोग बरे करणारे एका बाजूला आणि अन्य भाषा बोलणारे दुसऱ्या बाजूला आहेत, आणि मधोमध पौलाने दोन साधी माणसं उभी केली आहेत: साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे. ती सहज तिथे आली असतील असं मला वाटत नाही. करिंथकरांच्या डोक्यात आपापल्या देणग्यांची हवा गेली होती. त्यांना याच पत्रात, चौथ्या अध्यायात, त्याने विचारून ठेवलं होतं: तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ आहे तरी काय? आणि मिळालेलंच आहे, तर मिळालं नसल्यासारखा तोरा कशाला?

आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. सलग दोन रविवार कोण दिसलं नाही, हे त्यांना बरोबर कळतं आणि सोमवारी त्या घरी त्यांचा फोन जातो. उपदेश नाही, चौकशी नाही, नुसतं ‘बरे आहात ना?’ तुमचं कृपादान कोणतं, असं विचारलं तर ते गोंधळून जातील. हल्ली प्रश्नावली भरून आपलं कृपादान शोधायची पद्धत निघाली आहे. ‘कोण आलं नाही ते लक्षात येणं’ असा रकाना तिच्यात मी अजून पाहिलेला नाही.

देणग्यांविषयी बोलताना मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाला वळसा घालून जाता येत नाही. धनी परदेशी निघाला आणि जाताना त्याने दासांच्या हाती आपली मालमत्ता सोपवली: एकाला पाच तलांत, एकाला दोन, एकाला एक. संडे स्कूलमध्ये त्या तिसऱ्याची सगळ्यांनाच कीव यायची. बिचाऱ्याच्या वाट्याला एकच! हिशेब मांडला की ती कीव पळून जाते. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात हाच दर ठरला आहे. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर ही २० वर्षांची मजुरी झाली. या गोष्टीत थोडं कुणालाच मिळालेलं नाही.

बरं, त्याने ते उधळलं नाही, चोरलंही नाही. खड्डा खणून पुरून ठेवलं. दुसऱ्याचा पैसा सांभाळायची त्या काळी ती चांगली खात्रीची रीत मानली जाई. आपण त्याला जबाबदार माणूसच म्हटलं असतं. मग धनी इतका का संतापला? दासाचं बोलणं नीट ऐकावं: तू कठोर माणूस आहेस, पेरलं नाहीस तिथे कापतोस, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो. ज्याने २० वर्षांची मजुरी निर्धास्त हाती ठेवली आणि पाठ फिरवून निघून गेला, त्या माणसाबद्दल हा हे बोलतो आहे! धनीही ते वर्णन खोडत बसत नाही, त्याच्याच शब्दांत त्याला पकडतो. पण पुरावा उलटा असतानाही दासाने मनात एक सावकार रंगवला आणि मग सावकाराशी वागावं तसाच वागला. ‘हे घे, तुझं तुला’ म्हणून त्याने मुद्दल पुढे केलं. व्यवहार मिटला, येणं ना देणं.

पाचवाल्याला आणि दोनवाल्याला मात्र धनी जे बोलतो ते शब्द न्‌ शब्द सारखं आहे. पाचचे दहा करणाऱ्याला अधिक शाबासकी आणि दोनचे चार करणाऱ्याला जरा कमी, असं काही नाही. दोघांनाही तो आपल्या आनंदात यायला सांगतो. नफा किती झाला यापेक्षा तो आनंद घेता येणारी माणसं त्याला हवी होती, असं मला हा दाखला वाचताना दर वेळी वाटतं. तिसऱ्याने धन्याला इतकं घाबरून ठेवलं होतं की आनंद हा विषयच त्याच्या डोक्यात आला नसेल.

मग परत द्यायचं म्हणजे काय करायचं? स्तोत्र ११६ मध्ये भक्त हा प्रश्न सरळच विचारतो: परमेश्वराने माझ्यावर केलेल्या सर्व उपकारांबद्दल मी त्याचा कसा उतराई होऊ? यानंतर बैल, मेंढे, नवस अशी यादी यावी असंच आपल्याला वाटतं. नवस आणि उपकारस्तुतीचं अर्पण पुढे येतंही. पण त्याचं पहिलं उत्तर आहे: मी तारणाचा प्याला हाती घेईन. कसं फेडू, असा प्रश्न, आणि त्यावर उत्तर काय, तर आणखी घेईन! हा पेयार्पणाचा प्याला असावा असंही अभ्यासक म्हणतात. असेल, तरी तो तारणाचा आहे, त्यात जे भरलंय ते या माणसाने घरून आणलेलं नाही.

देवाच्या बाजूने पाहिलं तर स्तोत्र ५० मध्ये त्याने हा विषय जवळजवळ थट्टेवारी नेला आहे. हजार डोंगरांवरची गुरं माझी आहेत, मला भूक लागली तर ती मी तुला सांगणार नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, अकराव्या अध्यायाच्या शेवटी, पौलही तेच विचारतो: त्याला आधी कुणी काय दिलंय, की त्याची फेड व्हावी? आणि दावीद राजा, ज्याला मंदिर बांधायची परवानगी मिळाली नाही, तो मुलासाठी सोनंरुपं, लाकूड, दगड यांची रास घालून झाल्यावर सगळ्या मंडळीसमोर प्रार्थना करतो ती अशी: हे देणारे मी कोण आणि माझे लोक कोण? सगळं तुझ्यापासूनच येतं, तुझ्याच हातचं घेऊन आम्ही तुला दिलं. एवढी मोठी वर्गणी जमवल्यावर कोणता राजा असं बोलतो?

थोडक्यात, वरच्या दिशेने फेड होत नाही. तो रस्ताच बंद आहे. एकदा हे पटलं की देण्याची दिशा बदलते, ते शेजाऱ्याकडे जायला लागतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात हे स्पष्ट आहे: ज्याला जसं कृपादान मिळालं, त्याने ते देवाच्या नानाविध कृपेचा चांगला कारभारी म्हणून एकमेकांच्या सेवेसाठी वापरावं. कारभाऱ्याच्या हातून जे जातं ते त्याचं नसतंच, त्यामुळे दिल्याचा तोराही त्याला करता येत नाही. चौथ्या शतकातला कैसरियाचा धर्माध्यक्ष बसिल याने कोठारं वाढवणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर बोलताना श्रोत्यांना चांगलंच धारेवर धरलं होतं. तू घरात ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत घडी घालून ठेवलेलं वस्त्र उघड्याचं आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या हिशेबी देणारा उदार नसतोच, तो दुसऱ्याची वस्तू पोचती करत असतो. बसिलाने हे नुसतं बोलून सोडलं नाही. कप्पदुकियात दुष्काळ पडला तेव्हा त्याने लोकांना जेवू घातलं, आणि पुढे शहराबाहेर आजारी आणि निराधारांसाठी मोठं आश्रयस्थान उभं केलं.

दशांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, मी थोडक्यात लिहिणार होतो, पण ते जमेलसं दिसत नाही. बायबल अभ्यासाच्या गटात दशांशाचा विषय निघाला की पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच: हातात येणाऱ्या पगारावर काढायचा, की कपातीच्या आधीच्या? प्रश्न प्रामाणिक असतो. तरी मला हटकून पुदिना, शेप आणि जिरे आठवतात. त्यांचाही दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, प्रभू येशूने दशांश देऊ नका म्हटलं नव्हतं. न्याय, दया आणि विश्वास राहून गेले, असं म्हटलं होतं. आणि अनुवादचा चौदावा अध्याय उघडला तर आणखी गंमत आहे. तिथे दशांश घेऊन सगळ्या कुटुंबाने परमेश्वराच्या निवडलेल्या ठिकाणी जायचं आहे आणि तिथे तो खायचा आहे! ठिकाण लांब असेल तर उत्पन्न विकून पैसे करा, तिथे गेल्यावर मन मागेल ते घ्या, देवासमोर जेवा, आनंद करा, आणि तुमच्या गावातल्या लेव्याला, म्हणजे जमिनीचा वाटा नसलेल्या सेवेकरी वंशातल्या माणसाला, विसरू नका. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. पंगत आणि अन्नछत्र, अशा दोन वाटांनी तो जातो.

मलाखीचा तिसरा अध्याय मात्र सगळ्यांना पाठ असतो. ‘तुम्ही मला ठकवता’ आणि ‘मी आकाशाची दारं उघडतो की नाही, पाहा.’ त्यावरून द्या म्हणजे दुप्पट मिळेल, असा सौदा काही व्यासपीठांवरून खुशाल विकला जातो. हे व्यासपीठवाले वाचायला सुरुवात करतात ती आठव्या वचनापासून. पाचव्या वचनात परमेश्वर ज्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहणार आहे त्यांत मजुराची मजुरी बुडवणारे आहेत, विधवा आणि अनाथांना नाडणारे आहेत, परदेशी माणसाचा हक्क हिरावणारे आहेत. तीन वचनं आधी. सौदा करणाऱ्याच्या मनात पुन्हा तोच सावकार बसलेला असतो. फरक इतकाच की भ्यालेला दास त्याच्यापासून लपतो आणि हा त्याच्याकडून व्याज काढू पाहतो.

विधवेच्या दोन टोल्यांचंही तेच झालं आहे. मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. यहुदी परंपरेप्रमाणे मंदिरात तुतारीच्या आकाराच्या १३ दानपेट्या होत्या. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं. मग एका गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे एक दमडी, टाकली आणि येशूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं की हिने सगळ्यांपेक्षा अधिक टाकलं, कारण हिने आपली सगळी उपजीविकाच टाकली. आम्ही इथे थांबतो आणि म्हणतो, पाहा, आपणही असं द्यावं. पण तुम्हीही जाऊन असंच करा, असं येशू इथे म्हणत नाही. या प्रसंगाच्या लगेच आधी तो शास्त्र्यांबद्दल बोलला आहे: लांब झगे घालून मिरवणारे आणि विधवांची घरं गिळणारे. लगेच नंतर शिष्य मंदिराचे भव्य चिरे दाखवतात आणि तो म्हणतो, यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. म्हणजे त्या बाईची शेवटची दमडी जिथे गेली ती इमारत पडणार होती आणि तिच्या दारात उभ्या असलेल्यांवर घरं गिळल्याचा आरोप नुकताच झाला होता. तिच्या देण्याचं मोल यामुळे एक कणभरही कमी होत नाही. येशूनेच ते मोजलं आहे. पण ज्या मंडळीत असं दान येतं, तिथे अर्पण मोजणाऱ्यांनी ही गोष्ट आधी स्वतःला वाचून दाखवावी. त्या विधवेचं रात्रीचं काय, हा प्रश्न मंडळीचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात पहिलीच व्यवस्था लावली गेली ती विधवांच्या रोजच्या वाटपाची, हे काही उगाच नाही.

घेण्याबद्दल कमी बोललं जातं. घेणं अवघड असतं, आणि सेवेत मुरलेल्या माणसांना तर फारच. येशू शिष्यांचे पाय धूत होता तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले होते: माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. त्यात नम्रता थोडी होती आणि ताठा पुष्कळ, असं मला वाटतं. येशूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पौलही घेताना अडखळतो. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताबरोबर मदत पाठवली तेव्हाचा पत्राचा शेवट वाचून पाहावा. मला आनंद झाला, म्हणजे मला गरज होती म्हणून नव्हे. आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलो आहे. तरी तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात हे बरं केलंत. मी देणगीची अपेक्षा करतो असं नाही. पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. आयुष्यभर तंबू शिवून स्वतःच्या हातांनी कमावलेला माणूस आहे, ‘आभारी आहे’ हे दोन शब्द त्याच्या लेखणीतून सुखासुखी उतरत नाहीत. शेवटी तो त्या मदतीला देवाला आवडणारा यज्ञ म्हणतो आणि मोकळा होतो. मला हा पौल फार जवळचा वाटतो. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे करिंथकरांना ठणकावून सांगणारा माणूस संतोषाने घेण्याची तालीम करताना इथे दिसतो.

हिशेब ठेवावा की नाही? अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक, मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने ठेवला होता. ऑक्सफर्डच्या दिवसांतली एक हकीकत त्याने पुढे प्रवचनात सांगितली. एकाला वर्षाला ३० पौंड मिळत, तो २८ मध्ये भागवून २ देऊन टाकी. दुसऱ्या वर्षी ६० मिळाले. तो २८ मध्येच राहिला आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२ दिले, चौथ्या वर्षी १२० पैकी ९२. हा ‘एक जण’ म्हणजे वेस्ली स्वतःच, असं सहसा मानलं जातं. त्याने आकडे सांगितले, नाव मात्र दुसऱ्याच कुणाचं असावं असं बोलला. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू न देता वही कशी लिहावी, याची त्याने शोधलेली ही युक्ती असेल. वेस्लीसारख्या शिस्तीच्या माणसाला वही सोडवत नव्हती, हेही खरं.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तलांतांचा दाखला संपतो आणि मध्ये काहीही न येता शेवटच्या न्यायाचं वर्णन सुरू होतं. आधीच्या गोष्टीत दास चोख हिशेब घेऊन आले होते: पाच दिलेत, हे पाहा आणखी पाच. पुढच्या वर्णनात राजा स्वतःच हिशेब वाचून दाखवतो: मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं, परका होतो, घरात घेतलं, उघडा होतो, पांघरूण घातलं, आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही आलात. आणि उजवीकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागतात. त्यांच्यापैकी एकालाही काही आठवत नाही. ‘प्रभू, केव्हा?’ असं ते विचारतात, आणि प्रश्न अगदी खरा असतो.